नेलं कुठे आणि रमला कुठे!

गेल्या रविवारी लेकाला संग्रहालयात नेलं. वय वर्षं सहा, सध्याचा विषय एकच: डायनासोर. आठ दिवस जय्यत तयारी चालली होती. टी-रेक्स साधारण १२ मीटर लांब, म्हणून तेवढी सुतळी मोजून आम्ही घरात अंथरली. शेपूट झोपायच्या खोलीत आणि तोंड दाराबाहेर जिन्यात. शेजारी दोन दिवस त्याला ओलांडून ये-जा करत होते. एवढं करून प्रत्यक्ष सांगाड्यासमोर साहेब उभे राहिले चार मिनिटं. "हाडंच आहेत," म्हणाला. आणि मग त्याला सरकता जिना दिसला.

पुढची चाळीस मिनिटं आम्ही वर गेलो, खाली आलो, वर गेलो, खाली आलो. "अरे, तिकडे व्हेलचा सांगाडा आहे," असं मी मधूनमधून केविलवाणेपणाने सुचवत होतो. त्याचं लक्ष नव्हतं. तिथे मला राग आला आणि घरी आल्यावर हसू.

म्हणून हा धागा. लहान मुलाबरोबरची उन्हाळ्यातली भटकंती, रोजचे बारके उद्योग, दोघांना मिळून लागलेली किंवा अजिबात न लागलेली वेडं, काहीही लिहा. 'सुट्टीत करण्याजोग्या पन्नास गोष्टी' छापाच्या याद्या ढिगाने मिळतात, त्या नकोत. काय ठरवलं होतं आणि काय झालं, एवढंच. फसलेलं चालेल. फसलेलं जास्त चालेल.

*

फसलेलं पोतंभर आहे, पण एक जमलेलं आधी सांगते.

आमची सहल मागच्या अंगणातल्या फरशीपर्यंतच जायची. दोन वर्षांपूर्वी धाकटी तान्ही होती, लांब जाणं शक्यच नव्हतं, आणि पाच वर्षांचा मोठा दिवसभर पायात पायात. एका सकाळी फरशीच्या फटीतून मुंग्यांची रांग निघाली होती. जरा उसंत मिळावी म्हणून त्याला म्हटलं, "त्या कुठे चालल्यात बघून ये." जो बसला तो तासभर उठला नाही.

मग मीही धाकटीला मांडीवर घेऊन बसले. रांगेवरून ओलं बोट आडवं फिरवलं. अलीकडच्या मुंग्या तिथेच थबकल्या, गोंधळून गोल फिरायला लागल्या. पलीकडच्यांचंही तेच. थोड्या वेळाने एक धीट मुंगी ओलांडून गेली, तिच्यामागून दुसरी, आणि रस्ता पुन्हा सुरू. मुंग्या चालताना वाटेवर गंध सोडतात आणि मागच्या तो हुंगत येतात. तू वाट पुसलीस, असं त्याला सांगितलं. ("मी नाही, तू पुसलीस.") बाहेर कामाला निघालेल्या सगळ्या मुंग्या माद्याच असतात हे ऐकल्यावर तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "मग बाबा मुंग्या घरी काय करतात?" नवरा ऑफिसच्या कॉलवर होता म्हणून वाचला.

खरी गंमत पुढे आहे. एक मुंगी मेलेल्या मुंगीला ओढत नेताना त्याने पाहिली. मी वाचून काढलं. मुंगी मेली तरी इतरांना लगेच कळत नाही. दोनेक दिवसांनी तिच्या शरीरात ओलेइक आम्ल तयार होतं, त्याच्या वासावरून ती मेल्याचं ठरतं आणि तिला उचलून कचऱ्याच्या ढिगावर टाकतात. ई. ओ. विल्सन या शास्त्रज्ञांनी १९५०च्या दशकात हे शोधताना ते आम्ल चक्क जिवंत मुंगीला लावून पाहिलं. तर बाकीच्यांनी तिलाही उचललं. ती पाय झाडतेय, तरी ढिगावर! स्वतःला नीट साफ करून वास जाईपर्यंत तिला परत घरात प्रवेश नाही.

हे ऐकून पोरगं हसून हसून जमिनीवर लोळलं. तेव्हापासून आमच्याकडे आंघोळ करून बाहेर आल्यावर घोषणा होते, "मी आता जिवंत आहे!" सात वर्षांचा झाला, अजून होते.

*

मुंग्यांवरून आमची अळी आठवली.

कुंडीतल्या रोपावर जाडजूड हिरवी अळी सापडली. मी उत्साहात मोठी बरणी आणली, तोंडाला जाळीचं कापड बांधलं आणि आत हाताला लागतील ती पानं टाकली. तिसऱ्या दिवशी अळी मेली. बहुतेक फुलपाखरांच्या अळ्या ठरावीक झाडांचीच पानं खातात, समोर दुसऱ्या पानांचा ढीग असला तरी उपाशी मरतात, हे मला तेव्हा कळलं. म्हणजे त्या अळीला मी मारलं. लेक दोन दिवस माझ्याशी धड बोलला नाही.

दुसरी सापडली तेव्हा फांदीसकट घेतली. रोज त्याच झाडाची ताजी पानं. बरणी पुसायचं काम त्याचं, आणि ते किती असतं हे पाळलेल्यांनाच माहीत; अळी म्हणजे एका बाजूने पान आत आणि दुसऱ्या बाजूने काळे दाणे बाहेर. आठवड्याभरात तिने कोष केला. आम्ही कॅलेंडरवर खुणा करायला लागलो. फुलपाखरू बाहेर येतं तेव्हा पंख ओले आणि चुरगळलेले असतात, ते लोंबकळत ठेवून वाळवायला जागा लागते, म्हणून आत एक काटकी उभी केली. आजी-आजोबांना व्हिडिओ कॉलसाठी सांगून ठेवलं. मी मनातल्या मनात भाषणसुद्धा तयार केलं होतं.

एका सकाळी कोषाला टाचणीएवढं भोक होतं आणि बरणीत फिरत होते पंधरा-वीस बारीक काळे किडे. परजीवी गांधीलमाशीची पिल्लं. ही माशी कोषात किंवा अळीत अंडी घालते आणि पिल्लं आतला जीव खाऊन बाहेर पडतात. आमच्या वाट्याला फुलपाखरू नव्हतंच, कदाचित अळी घरी आणली त्या दिवसापासूनच.

मी रडवेली. आणि लेक बरणीला नाक लावून, "आई, हे फुलपाखरापेक्षा कितीतरी भारी आहे!"

सुट्टीनंतर शाळेत 'सुट्टीतील आनंदाचा क्षण' असं चित्र काढायचं होतं. काय काढलं असेल ते सांगायला नको. बाईंनी मला भेटायला बोलावलं.

*

आमचं छोटंसं आहे. मुलगा गडगडाटाला घाबरून पलंगाखाली जायचा. आवाज सेकंदाला साधारण ३४० मीटर जातो, म्हणजे वीज चमकल्यापासून गडगडाटापर्यंत मोजलेल्या सेकंदांना तीनने भागलं की किलोमीटर आले. हे एकदा पलंगाखाली आडवं होऊन त्याला शिकवलं. (माझी पाठ तीन दिवस धरली.) आता वीज चमकली की तोच ओरडतो, "मोज!" नऊ सेकंद, तीन किलोमीटर. सहा सेकंद, दोन. ढग जवळ येतोय की लांब जातोय ते त्याला माझ्या आधी कळतं.

तिसाच्या आत आकडा आला की बाहेर थांबायचं नाही, घरात यायचं, हा नियम मीच सांगितला होता. परवा दोरीवरचे कपडे काढायला निघालो तर दारात आडवा उभा. "बाबा, बावीस!" सगळे कपडे भिजले.

*

तळ्याकाठी गेलो होतो. लहानपणी मी पाण्यावरून दगडाचे टप्पे काढण्यात पटाईत होतो, ही एकच कला माझ्याकडे आहे आणि ती मुलाला द्यायची असं मी तो जन्मला तेव्हाच ठरवलेलं. वाटेत गाडीत पूर्ण व्याख्यान दिलं. दगड चपटा हवा. पाण्याशी २० अंशांच्या आसपास कोन हवा. फ्रेंच शास्त्रज्ञांनी यंत्राने चकत्या फेकून हा कोन काढला आणि २००४ मध्ये छापला. मनगटाचा झटका हवा, कारण गिरकी असली तरच दगड कोन सोडत नाही. विक्रम ८८ टप्प्यांचा, कर्ट स्टायनर, २०१३. "अठ्ठ्याऐंशी!" मी स्टिअरिंगवर हात आपटून म्हटलं. मागच्या सीटवर शांतता.

त्या दिवशी माझे सात टप्पे पडले. सात! वळून पाहिलं तर चिरंजीव दोन्ही हातांनी स्वतःच्या डोक्याएवढा धोंडा पोटाशी धरून, कुंथत, पाण्याकडे येतायत. डुबुक्! दोघेही नखशिखांत भिजलो. "बाबा," तो समजावणीच्या सुरात म्हणाला, "तुझ्या दगडाचा आवाजच येत नाही."

बरोबर होतं त्याचं. मग अंधार पडेपर्यंत आम्ही आवाज गोळा केले. खडा उंच उडवला की टुप. मूठभर वाळू टाकली की शिर्र. चपटा दगड आडवा आपटला की चपाक्. आणि एकदा, का ते समजलं नाही, पण मध्यम गोल दगड उंचावरून सरळ पडला तेव्हा आधी काहीच नाही आणि मग एक खोल 'ग्लूंप' आला. तो परत आणण्यासाठी आम्ही निदान साठ दगड टाकले. दोनदा आला.

माझे सात टप्पे कुणीच पाहिले नाहीत. इथे नोंद करून ठेवतो.

*

सरकत्या जिन्यावाले बाबा, तुमची आणि माझ्या मुलाची गाठ घालून द्यायला हवी.

माझ्या मुलाला गर्दी आणि मोठे आवाज सहन होत नाहीत. वाढदिवसाचे कार्यक्रम, जादूचे प्रयोग, प्राणिसंग्रहालय, सगळीकडून आम्ही पंधरा मिनिटांत परत यायचो, तो कानांवर हात दाबून रडत आणि मी लोकांच्या नजरा चुकवत. दोन उन्हाळे मी 'सवय होईल' म्हणत त्याला नेत राहिले. त्याचं मला आजही वाईट वाटतं, आणि इथे ते लिहून हलकं वगैरे वाटत नाहीये.

तिसऱ्या उन्हाळ्यात, तो सहाचा असताना, मी पहिल्यांदा विचारलं, "तुला कुठे जायचंय?"

"लिफ्टमध्ये."

"लिफ्टने कुठे?"

"लिफ्टमध्ये."

तो उन्हाळा आम्ही लिफ्ट बघत फिरलो. भर दुपारी, इमारती रिकाम्या असताना. एक वही केली. किती मजले, दार एका बाजूला सरकतं की मधून उघडतं, पोचल्यावर घंटी वाजते की बाई बोलते, किती किलोची मर्यादा आणि किती माणसांची. एके दिवशी त्याने विचारलं, "म्हणजे एक माणूस किती किलोचा धरलाय?" हा त्याचा आयुष्यातला पहिला भागाकार. शाळेत तो प्रकरण निघण्याच्या एक वर्ष आधी. दोन लिफ्टांचं उत्तर वेगळं आल्यावर तो फार अस्वस्थ झाला. चौकीदारांना आमचा संशय यायचा. "कुणाकडे जायचंय?" या प्रश्नाला "कुणाकडेच नाही, फक्त वर," हे उत्तर किती विचित्र ऐकू येतं ते तुम्ही एकदा देऊन बघा. पण एका वयस्कर चौकीदारकाकांनी त्याला लिफ्टच्या पलीकडे एक जड वजन लटकलेलं असतं, लिफ्ट वर गेली की ते खाली येतं, हे दोन्ही हात वरखाली करून दाखवलं. अनोळखी माणसाकडे तो एवढा वेळ बघत राहिलेला मी पहिल्यांदाच पाहिला.

घरातला खेळ वेगळा. १८५४ मध्ये न्यूयॉर्कच्या प्रदर्शनात एलिशा ओटिस उंच फळीवर उभे राहिले आणि सगळ्यांसमोर त्यांनी तिचा दोर कापायला लावला. फळी जराशी घसरली आणि त्यांनी बसवलेल्या ब्रेकने जागच्या जागी अडकली. माझा मुलगा सोफ्याच्या पाठीवर उभा राहतो, "दोर कापा!" म्हणतो, आणि उडी मारतो. ब्रेक म्हणजे मी.

वहीत त्या उन्हाळ्यात ३७ लिफ्ट झाल्या. अडतिसावी बंद होती.

*

सगळे 'मुलाच्या कलाने घ्या'कडे झुकलेत, म्हणून मी उलट बाजूने लिहितो. सगळं कलावर सोडता येत नाही. पोहणं तर नाहीच.

मुलगा चार वर्षांचा होता. पोहण्याच्या तलावाचा उथळ भाग, मी तीन पावलांवर, ओळखीच्या माणसाशी बोलत उभा. तो पायरीवर बसून पाणी उडवत होता. मी मान वळवली, परत पाहिलं, तो पाण्यात होता. तोंड वर, ओठ पाण्याच्या पातळीला, हात दोन्ही बाजूंना पाणी खाली दाबल्यासारखे हलतायत. मला वाटलं खेळतोय. खरंच वाटलं. हाक नाही, आरडाओरड नाही, पाण्याचा आवाजही नाही. शेजारच्या एका बाईंनी कपड्यांसकट उडी मारून त्याला उचललं, तेव्हा मला कळलं. बुडणारा माणूस ओरडत नाही. ओरडायला श्वास लागतो आणि तोच त्याच्याकडे नसतो. हे मी नंतर वाचलं. आधी माहीत असायला हवं होतं.

पुढच्या आठवड्यात त्याला शिकवणीला घातलं. आठ दिवस रडला. मी काठावर बसून राहिलो, एक दिवसही चुकवला नाही, फोन खिशात. घरी बादलीत तोंड घालून बुडबुडे काढायचे, आधी मी मग तो. पाण्यावर पाठीवर पडून राहायला शिकायला त्याला तीन आठवडे लागले.

आज तो दहाचा आहे. व्यवस्थित पोहतो आणि त्याला पोहणं अजिबात आवडत नाही. आवडते ती फक्त लॉकरची किल्ली मनगटाला बांधायला. मला चालतं.

*

माझी रात्रपाळी असते. दिवसा मी झोपते, त्यामुळे दिवसाच्या सहली मुलगा बाबाबरोबर करतो आणि माझ्या वाट्याला गच्ची येते. सुट्टीच्या रात्री तो नऊ ते दहा जागा राहतो, तेवढा आमचा वेळ.

घरात एक जुनी दुर्बीण होती, दोन्ही डोळ्यांनी बघायची, साधी. गुरूजवळ चार ठिपके दिसतात का बघू म्हटलं. हात हलतो म्हणून कोपर कठड्यावर टेकवायचे, पाठ भिंतीला लावायची. दिसले! चंद्र आहेत ते. गॅलिलिओने ७ जानेवारी १६१० ला पहिल्यांदा बघितले तेव्हा त्याला तीनच दिसले होते, चौथा आठवड्याभराने. त्याने रोज गुरू आणि ठिपके काढून ठेवले, म्हणून आम्हीही काढायचे ठरवलं. मधे मोठा गोल, बाजूला ठिपके. पानावर तारीख. दुसऱ्या रात्री ठिपके भलतीकडेच. तिसऱ्या रात्री तीनच. "एक हरवला!" म्हणून लेक रडकुंडीला. गुरूच्या आड गेला असेल किंवा बरोबर पुढ्यात आला असेल, उद्या येईल, म्हटलं. आतला आयो दोन दिवसांच्या आत एक फेरी मारतो, बाहेरच्या कॅलिस्टोला जवळजवळ १७ दिवस लागतात. उद्या ढग आले. परवाही. त्या दोन दिवसांत त्या हरवलेल्या चंद्राची मला एवढी काळजी का वाटत होती, ते मला सांगता येणार नाही. कामावरसुद्धा आठवत होता.

अकरा रात्रींची पानं आहेत. बाराव्या रात्री त्याला अंतराळ स्थानक दिसलं आणि गुरू मागे पडला. न लुकलुकता सरळ चाललेला ठळक ठिपका, ४०० किलोमीटरवर, दीड तासात पृथ्वीला फेरी. तो पूर्वेकडे जाता जाता अचानक मावळला, कारण पृथ्वीच्या सावलीत शिरला. "आत माणसं आहेत?" आहेत. "आत्ता?" आत्ता. खाली पळाला, टॉर्च घेऊन आला आणि रिकाम्या आकाशाकडे उघडझाप करत बसला. "दीड तासाने परत येतील ना, तोपर्यंत जागा राहतो."

राहिला नाही.

*

आम्ही दोघं रोज जेवणानंतर चालायला जातो. तो बोलतो, मी 'हं' म्हणतो. याला छंद म्हणतात का?

*

माझा मुलगा आठवड्यातले दोनच दिवस माझ्याकडे असतो. त्यामुळे त्या दोन दिवसांत मी पाच दिवसांचा बाबा व्हायला जायचो. शनिवारी सकाळी टेकडी, दुपारी सिनेमा, संध्याकाळी बाग, रविवारी बोटीतून चक्कर. फोटो भरपूर. एका शनिवारी बूट घालता घालता त्याने विचारलं, "आज आपण घरीच राहिलो तर तुला चालेल का?" सात वर्षांचं पोर माझी परवानगी मागत होतं, आणि तीसुद्धा मला वाईट वाटू नये अशा बेताने.

राहिलो घरी. काय करायचं दोघांनाही सुचेना. शेवटी त्याची सायकल बाहेर काढली. मागच्या आधाराच्या चाकांवर तो वर्षभर अडकला होता. आधाराची चाकं काढली, पायडलही काढली आणि सीट एवढी खाली घेतली की दोन्ही पाय जमिनीला पूर्ण टेकावेत. मग नुसतं पायाने ढकलत जायचं. तोल आधी येतो, पायडल नंतर. मागून सीट धरून धावणं हा प्रकार करायचा नाही; तोल मग धरणाऱ्याचाच राहतो. दुसऱ्या रविवारी तो उतारावर दोन्ही पाय वर घेऊन घरंगळत गेला, तेव्हा पायडल परत बसवली, आणि गेला की सरळ!

मला वाटलं, आता सायकलवर भटकंती. तो म्हणाला, "परत काढूया का?" त्याला सायकल चालवण्यापेक्षा पाना जास्त आवडला होता. डाव्या पायडलचे आटे उलटे असतात, घट्ट करायच्या दिशेने फिरवलं की ते सुटतं, हे रहस्य त्याने अख्ख्या शाळेला सांगितलंय. आता दर शनिवारी सायकल उलटी होते, साखळी उतरते, पुसली जाते, तेल पडतं, परत चढते. चालते क्वचितच. रविवारी संध्याकाळी त्याला सोडायला जातो तेव्हा आईला आधी नखं दाखवतो, काळी कुळकुळीत.

*

माझा मुलगा आता सव्वीस वर्षांचा आहे, त्यामुळे मी निकाल लागल्यानंतरचं सांगतो.

तो तीन वर्षांचा असताना आम्ही वर्षभर पैसे साठवून त्याला बर्फ दाखवायला नेलं. काय ती यातायात! त्यातलं त्याला काहीही आठवत नाही. मोठ्या माणसांच्या आठवणी साधारण तीन-साडेतीन वर्षांच्या वयापासूनच सुरू होतात, हे मला कुणी आधी सांगितलं असतं तर तिकिटं थोडी थांबून काढली असती. त्याला आठवतं ते सहाव्या वर्षीचं पंक्चर. भर उन्हात, रस्त्याच्या कडेला, जॅक सापडत नव्हता आणि त्याच्या म्हणण्याप्रमाणे मी एकामागून एक सहा शिव्या दिल्या. त्याने मोजल्या होत्या. सहाही त्याला क्रमाने पाठ आहेत. स्वतःच्या लग्नात त्याने हा किस्सा माइकवरून सांगितला.

*

मूळ धागा माझा, म्हणून परत लिहितो.

लिफ्टवाल्या ताईंचं वाचून काल पुन्हा संग्रहालयात गेलो. या वेळी फक्त जिन्यासाठी, डायनासोरचा विषयही काढला नाही. वर पोचल्यावर पायऱ्या सपाट होऊन फणीखाली शिरतात तिथे तो पोटावर झोपायच्या बेतात होता; लांबून बघायचं कबूल करून घेतलं. "खाली जाऊन काय करतात?" खालच्या बाजूने उलट्या होऊन परत जातात, सायकलच्या साखळीसारख्या. हे त्याला आधीच ठाऊक असल्यासारखा चेहरा होता. त्याचा प्रश्न निराळाच निघाला. कठड्यावर ठेवलेला हात हळूहळू पुढे जातो आणि पाय मागे राहतात, असं का? मी आयुष्यभर सरकत्या जिन्यांवरून जातोय, माझ्या कधी लक्षात आलं नव्हतं. हात ठेवून बघितलं. खरंच पुढे जातो! कठड्याचा पट्टा निराळा फिरतो, त्याचा वेग पायऱ्यांशी तंतोतंत जुळतोच असं नाही.

मग कठड्यावर एका ठिकाणी कागदाचा तुकडा चिकटलेला सापडला. तो वर गेला, आत गडप झाला, आणि आम्ही खाली उभं राहून तो परत कधी येतो ते मोजलं. चार वेळा. दर वेळी तो दिसला की टाळ्या. चौथ्या फेरीला एक आजोबाही आमच्यात सामील झाले.

घरी सांगायला म्हणून मी त्याला १८९६ ची गोष्ट ऐकवत होतो, कोनी आयलंडला जेसी रेनो यांनी बसवलेल्या पहिल्या सरकत्या जिन्याची. त्याला पायऱ्या नव्हत्याच, नुसता तिरपा सरकता पट्टा होता. पण तो ऐकत नव्हता. दाराकडे जाताना वर बघत थांबला होता, तोंड उघडं.

"बाबा! इथे व्हेल आहे हे तू मला सांगितलंच नाहीस!"